कनवटीचे पैसे आणि दोन निळ्या नोटा

प्रश्न : ताई, मैत्रिणीबरोबर तीन आठवडे व्हिएतनामला चाललेय. राहणार डॉर्मिटरीत. पैसे-पासपोर्ट सांभाळायचे कसे? आईचा जीव टांगणीला लागलाय. – एक वाचक, खानापूर

उत्तर : अगं, माझी आत्या निपाणीच्या बाजारात जाताना मोठी नोट कनवटीला लावायची आणि सुटे हातातल्या बटव्यात. तेच कर. मी शहापुरातल्या शिंप्याकडून पँटच्या आतून चेनचा चोरखिसा शिवून घेतला होता. पासपोर्ट, डॉलर आणि एक कार्ड त्यात, झोपतानाही अंगावरच. दुसरं कार्ड सॅकच्या तळाशी, मोज्यात. दिवसाचा खर्च तेवढा वरच्या खिशात.

कार्डाचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून इथेच सुरू करून घे. तिथल्या एटीएमनं रुपयांत हिशेब करू का विचारलं, तर नको म्हण. तो दर महाग पडतो.

नोटांकडे मात्र नीट बघ गं. तिथलं चलन डोंग. वीस हजार डोंगची नोट आणि पाच लाखांची, दोन्ही निळ्या. हनोईत रात्री घाईत मी पावाच्या गाडीवर वीस हजारांऐवजी पाच लाख दिले. खोलीवर पैसे मोजताना रडूच आलं. तेव्हापासून पाच लाखांच्या नोटा वेगळ्या ठेवते.

हो ची मिन्ह सिटीत रस्त्याकडेला फोन हातात धरून उभी राहू नकोस, दुचाकीवरून हिसकावतात. डॉर्मिटरीच्या लॉकरला आपलंच कुलूप ने. पासपोर्ट हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग हनोईतला भारतीय दूतावास. पासपोर्टची झेरॉक्स आईजवळ ठेवून जा.