रविवारी भोसरी चालू असते

प्रिय मुला,

तुझा मेसेज पहाटे २:४० ला आला, म्हणजे ब्रेकमध्ये लिहिलास. "काका, मला नक्की आवड कशात आहे तेच कळत नाहीये. ते एकदा कळलं की त्या दिशेने जोर लावीन." हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वैतागलो. तुझ्यावर नव्हे, तुम्हा पोरांच्या डोक्यात हे खूळ ज्यांनी भरवलं त्यांच्यावर. आवड म्हणजे काय कपाटात ठेवून विसरलेली किल्ली आहे, शोधली की सापडायला? मेकॅनिकल झालास, मग दोन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत घासलीस, आता खराडीत रात्रभर हेडफोन लावून बिलांच्या तक्रारी ऐकतोस. ज्या कामांबद्दल तू विचार करतोयस त्यांतल्या एकाच्याही दहा फुटांच्या आत तू अजून गेलेला नाहीस. मग कळणार कुठून?

कामाजवळ जा. पत्र संपेपर्यंत मी हेच सांगत राहणार आहे, कंटाळायचं असेल तर आत्ताच कंटाळून घे.

आधी तुझ्या हिशेबाचं उरकतो, कारण तो चुकलाय. तू म्हणतोस, आत्ताचं पॅकेज २.४० लाख म्हणजे महिना २०,०००, आणि चाकणची अप्रेंटिसशिप १४,००० ची, म्हणजे महिन्याला ६,००० चं नुकसान. पगाराची स्लिप नीट बघ. बेसिक १०,००० धरलं तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,२००, ग्रॅच्युइटीचे ४८१ आणि कंपनीचा ३.२५ टक्के ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) हे तिघंही त्या २०,००० च्या पोटातच आहेत. उरले साधारण १७,७४०. त्यातून तुझा पीएफ १,२००, तुझा ०.७५ टक्के ईएसआय आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात येतात १६,२०० च्या आसपास. अप्रेंटिस कायद्याखालच्या स्टायपेंडमधून पीएफ-ईएसआय कापत नाहीत. म्हणजे खरा फरक २,२०० चा. कंपनीची बस आणि कॅन्टीन असेल तर तोही उरत नाही. पीएफ तुझाच पैसा आहे हे मान्य, पण कॉटचं भाडं पीएफमधून देता येत नाही. ईएसआय गेला की दवाखान्याचा आधार जातो, हे मात्र ध्यानात ठेव. कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, तेवढं कायद्यात आहे. आजारपणाचं काय, ते एचआरला विचारून घे.

आणखी दोन गोष्टी विचार. एक, करार सरकारी पोर्टलवर नोंदवणार का. नोंदलेला नसेल तर नाव अप्रेंटिसचं आणि काम कंत्राटी हमालीचं, असा प्रकार होतो. दुसरी, पहिले तीन महिने कुठल्या सेक्शनला आणि त्यानंतर कुठे. याचं उत्तर "बघू, गरजेप्रमाणे" असं आलं तर वर्षभर पॅकिंगला उभा राहशील. ज्यांच्याकडे उत्तर असतं ते लगेच देतात.

पण सही करायच्या आधी दोन रविवार माझं ऐक.

तुझी सुट्टी शनिवार-रविवार. घरी बसून अर्ज टाकायला ती बरी, असं तुला वाटतंय. भोसरीतल्या बऱ्याच शॉपना, म्हणजे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना, सुट्टी असते गुरुवारी. म्हणजे तू मोकळा असतोस तेव्हा ती शॉप चालू असतात, हे तुझ्या कुठल्या क्लासवाल्याने सांगितलं? साठच्या दशकात बजाज-टेल्कोसारखे कारखाने आले आणि त्यांना सुटे भाग पुरवायला ही लहान शॉप उभी राहिली. (टेल्कोचं नाव २००३ साली टाटा मोटर्स झालं, रस्ता अजून टेल्को रोडच आहे.) एस ब्लॉक, जे ब्लॉकमध्ये पायी फिर. पंधरा ते चाळीस माणसांचं शॉप बघ. गेटवर "व्हेकन्सी आहे का" विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर वॉचमनच देतो आणि ते "नाही" असतं. आत निरोप पाठव: मेकॅनिकलचा आहे, नोकरी मागायला आलेलो नाही, दोन तास उभं राहून काम बघायचंय. सकाळी दहाच्या सुमाराला नको, तेव्हा ग्राहकांचे फोन चालू असतात. महिनाअखेर तर नकोच, डिस्पॅचच्या घाईत तुला कुणी उभं करणार नाही. जेवणानंतर, तीन-साडेतीनला जा. दहा ठिकाणी विचारलंस तर सात-आठ ठिकाणी नाही म्हणतील. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही, तू अर्ज टाकतोस तिथे तर नाही म्हणण्याचेही कष्ट कुणी घेत नाही.

पायात जाड तळव्याचे बूट घाल, सॅंडल नको. बाह्या ढगळ नकोत. फिरत्या स्पिंडलजवळ हातमोजे घालायचे नाहीत, मोजा अडकला की त्याच्याबरोबर हात जातो. आणि फोन खिशात. ड्रॉइंगचा फोटो काढलास तर पुन्हा दारात उभं करणार नाहीत, कारण ड्रॉइंग ग्राहकाचं असतं.

बघायचं काय? मशीन नको बघूस, माणसं बघ. दिवसातला किती वेळ उभं राहायचं, किती वेळ कागदावर, किती वेळ फोनवर भांडायचं. ओरडा कशाबद्दल बसतो. दहा वर्षं जुना माणूस तिथे काय करतोय, कारण तू राहिलास तर तो तू आहेस. आणि एक प्रश्न हमखास विचार: इथला सगळ्यांत वाईट दिवस कसा असतो? क्वालिटीवाला सांगेल, ग्राहकाच्या लाइनवर पीस रिजेक्ट होतो, मग त्यांच्या प्लांटवर जाऊन दोन हजार पीस एकेक करून चाळायचे, त्याला सॉर्टिंग म्हणतात, आणि परत येऊन रात्री ८-डी रिपोर्ट, म्हणजे चूक का झाली आणि पुन्हा कशी होणार नाही याचा अहवाल, लिहायचा. मेंटेनन्सवाला सांगेल, तिसऱ्या पाळीत ब्रेकडाउन. प्रोग्रॅमर सांगेल, एक आकडा चुकला आणि टूल जॉबमध्ये (घडवत असलेल्या तुकड्यात) घुसला. चांगला दिवस सगळ्याच कामांत चांगला असतो, त्यावरून निवड करता येत नाही. ज्याचा वाईट दिवस तुला सोसेल, किंबहुना ज्या वाईट दिवशी तुझं डोकं चालायला लागेल, ते काम धर.

"मला डिझाइनमध्ये जायचंय" असंही तू लिहिलंयस. गेलायस कधी एखाद्या डिझाइनरच्या शेजारी बसायला? ब्रॅकेटचं एक भोक २ मिमी सरकवायचं, त्यापायी सात ड्रॉइंगची रिव्हिजन बदलायची, बीओएम (सुट्या भागांची यादी) तपासायचा, आणि दुपारी टूलरूमवाल्याचा फोन येतो की इथे ड्रिल पोचतच नाही. महिन्यातले वीस दिवस हे. आवडू शकतं, आवडणारे आहेत. पण तू ज्याच्या प्रेमात आहेस ते पोस्टरवरच्या गाडीचं चित्र आहे. कामाजवळ जा म्हणतो ते यासाठी.

नुसतं बघूनही भागत नाही, थोडं हातात घे. सगळ्यांत स्वस्त प्रयोग मोजमापाचा. शॉपमधून एकाच लॉटचे २० रिजेक्ट पीस मागून घे, भंगारातले देतात. ट्रेमध्ये नंबर घाल, ०-२५ मिमीच्या मायक्रोमीटरने (बारीक माप घ्यायचं उपकरण) मोज, लिही आणि कागद उलटा ठेव. चहा पी. पहिले आकडे न बघता तेच पीस पुन्हा मोज. दोन्ही कागद शेजारी ठेवलेस की १०-२० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक दिसतील. पीस तर तेच आहेत, म्हणजे फरक तू केलायस. अॅनव्हिल (पीस टेकतो ते तोंड) पुसला नव्हता, शून्य तपासलं नव्हतं, टोकाच्या रॅचेटने तीन टिकटिक होईपर्यंत फिरवायच्या ऐवजी थिंबल (फिरवायची नळी) पिळला, पीस तिरका धरला. किंवा मशीनवरून उतरलेला गरम पीस मोजला. पोलाद मीटरला दर अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन वाढतं. ५० मिमीचा पीस १० अंशांनी गरम असेल तर जवळपास ६ मायक्रॉन मोठा दिसणार. अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. माप २० अंश सेल्सिअसचं धरतात, पुण्याच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली २० अंश कुठून आणणार?

आता स्वतःकडे बघ. तो फरक का आला हे खणत बसावंसं वाटलं, की कागद चुरगळून टाकावासा वाटला? एका दुपारच्या कामाने हे कळतं. अॅप्टिट्यूड टेस्टवाल्याला तू जे पैसे दिलेस त्यात याचं उत्तर नव्हतं. कागद चुरगळावासा वाटला तर बरंच झालं, एक दार बंद करून पुढच्या रविवारी दुसरीकडे जा. मोशीला किंवा चिंचवडच्या ऑटो क्लस्टरला मशिनरीचं प्रदर्शन लागलं तर शेवटच्या दिवशी दुपारी जा. पहिल्या दिवशी स्टॉलवाले गिऱ्हाइकांत असतात, शेवटच्या दुपारी त्यांना कुणीतरी बोलायला हवं असतं.

रेझ्युमेबद्दल थोडक्यात. एक पान. "हार्डवर्किंग, टीम प्लेयर" खोड. अभ्यासिकेची दोन वर्षं "स्पर्धा परीक्षेची तयारी" म्हणून सरळ लिही. पुण्यात इंटरव्ह्यू घेणाऱ्याच्या घरीही एक तसा भाचा असतोच. नोकरीच्या साइटवरचं प्रोफाइल आठवड्यातून दोनदा उघडून काहीतरी बदल, कारण भरती करणारे अलीकडे सक्रिय असलेलेच आधी गाळून घेतात. आणि जे हाताने केलंस तेच लिही, त्यापलीकडे एक शब्द नको. "२५ एच-६ शाफ्ट मायक्रोमीटरने तपासले" असं झोकात लिहिशील आणि समोरचा विचारेल, लीस्ट काउंट किती, म्हणजे उपकरण कमीत कमी किती मोजतं? तू म्हणशील ०.०१ मिमी, म्हणजे १० मायक्रॉन. झालं, संपलास. २५ एच-६ म्हणजे २५.००० ते २४.९८७ मिमी, सगळी मुभा १३ मायक्रॉनची, आणि १० मायक्रॉनच्या मोजपट्टीने ती तपासली म्हणणारा माणूस शाफ्टजवळ गेलेला नसतो. हे दोन मिनिटांत उघडं पडतं. कामाजवळ गेलेला आणि न गेलेला यांतला फरक नेमका इथे दिसतो.

म्हणून त्या रूममेटच्या ओळखीच्या कन्सल्टन्सीचं नाव पुन्हा काढू नकोस. दोन वर्षांचा खोटा अनुभव विकत घेशील, पण यूएएनवर (पीएफचा कायमचा क्रमांक) नोकऱ्यांचा इतिहास दिसतो आणि पडताळणीत पहिली तीच गोष्ट बघतात. डेटा सायन्सच्या क्लासचंही तेच. "प्लेसमेंट गॅरंटी" लेखी माग, फी परतीची अट लेखी माग. "सुलभ हप्ते" म्हणजे बहुतेक वेळा तुझ्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज. क्लास सोडलास तरी हप्ता सुटत नाही. डेटाचं काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते करणाऱ्याशेजारी एक दिवस बसून आलास का, एवढंच विचारतो. नसशील तर फॉर्म भरू नकोस. नोकरीसाठी डिपॉझिट मागणाऱ्याला पैसे द्यायचे नाहीत आणि मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायची नाही, हे तुला सांगावं लागू नये.

तू म्हणशील, काका लहान शॉपची बाजू घेतात. घेतो. तिथे पगार दहा तारखेच्या पुढे जातो, पीएफ भरतातच असं नाही, मालकाच्या मूडवर दिवस जातो, सगळं ठाऊक आहे. म्हणून तिथे नोकरी कर असं मी म्हटलेलं नाही, बघायला जा म्हटलंय. मोठ्या प्लांटमध्ये एकाच स्टेशनवर तोच बोल्ट, तोच टॉर्क. लहान शॉपमध्ये दुपारपर्यंत तीन जॉब बदलतात आणि ड्रॉइंग हातात घेऊन उभा राहिलेला माणूस तुला सगळं सांगतो, कारण त्याला विचारणारं कुणी नसतं. माझ्या या हट्टाला घरातही हसतात. हसू देत. मला हे फार उशिरा कळलं, आणि त्या उशिराचा हिशेब माझ्याखेरीज कुणी मांडलेला नाही. तू सव्वीसचा आहेस आणि "आता उशीर झाला" लिहितोस, तेव्हा माझा आवाज चढतो तो त्यामुळे. रागावलो असं वाटलं तर वाटू दे.

आत्ताची नोकरी लगेच सोडू नकोस. चाकणचं नक्की ठरलं की नोटीस दे, रिलीव्हिंग लेटर हातात घे आणि पीएफ खात्यावर सोडल्याची तारीख पडली का बघ. पडली नाही तर पुढे एकाच वेळी दोन नोकऱ्या दिसतात आणि खुलासे तुला करावे लागतात. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की ती तारीख तुलाही भरता येते.

मायक्रोमीटर विकत घेऊ नकोस, माझा घेऊन जा. शनिवारी रात्रपाळी संपवून झोप काढ आणि पाचनंतर ये. लाकडी डब्यात आहे, व्हॅसलीन लावून ठेवलाय, आधी नीट पुसून घे. बंद करून ठेवताना दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटवून ठेवू नकोस, थोडी फट ठेव. आणि परत आणून दे. मागच्या वेळी नेलेली छत्री अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
काका