एका वाचकाला पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. एका बैठकीत कादंबरी संपवलीस, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि आता त्या लेखिकेसाठी काहीतरी करावं असं वाटतंय. कादंबरी कुणीतरी पाठवलेल्या पीडीएफवर वाचली, हेही आपणहून सांगितलंस. लपवलं नाहीस, म्हणून मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

आधी पैशाचं बोलू. साहित्याच्या गप्पांत तो विषय लोक उठायला लागले की निघतो. छापील पुस्तकावर लेखकाला मिळणारी रॉयल्टी बहुतेकदा पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असते. काही करारांत ती छापील किमतीवर मोजतात, काहींत प्रकाशकाच्या हाती आलेल्या रकमेवर. या दुसऱ्या प्रकारात घसघशीत सवलतीची कात्री लेखकाच्या वाट्यालाही लागते. जुनं पुस्तक घेतलंस तर लेखकाला काहीच मिळत नाही. तरी जुनी पुस्तकं घेऊ नकोस असं मी कुठल्या तोंडाने सांगू? माझं निम्मं कपाट त्यांनीच भरलंय. पण हयात लेखकाचं पुस्तक परवडत असेल तर नवं घे, आणि आल्या आल्या घे. सुरुवातीचा खप बघूनच दुकानदार पुढच्या प्रती मागवतो आणि प्रकाशक दुसऱ्या आवृत्तीचा विचार करतो. ‘सवडीने घेऊ’ म्हणणारे आपण तीन वर्षांनी जातो, तेव्हा आवृत्ती संपलेली असते आणि नवी काढायला कुणी धजावत नाही.

परवडत नसेल तर वाचनालय आहेच, त्यात कमीपणा काही नाही. डेन्मार्कने १९४६ साली वाचनालयांतल्या पुस्तकांसाठी लेखकांना मोबदला द्यायला सुरुवात केली; ब्रिटनमध्ये तसा कायदा १९७९ साली झाला. आज तीसहून अधिक देशांत अशी सोय आहे. जिथे नाही तिथेही ग्रंथपालाकडे पुस्तकाची लेखी मागणी नोंदव. एक प्रत विकली जाते आणि ती कितीतरी अनोळखी हातांत फिरते.

त्या पीडीएफबद्दल एवढंच, की ती तुझ्यापाशीच थांबू दे.

आता मला जे खरं सांगायचंय ते. ‘अप्रतिम! प्रत्येकाने वाचायलाच हवं!’ असं लिहून वाचक मोकळा होतो. त्यावरून त्या पुस्तकात काय आहे, हे कुणाला कळणार? माझा एक कथासंग्रह बरीच वर्षं गोदामात धूळ खात पडला होता. एका वाचकाने त्यातल्या एकाच प्रसंगावर पाचसहा ओळी लिहिल्या. मुलगा घर सोडून गेल्यावरही बाप रोज रात्री त्याच्या चपला दाराकडे तोंड करून ठेवतो, तो प्रसंग. शेवट घाईत उरकलाय, अशी तक्रारही त्याने केली होती (बरोबर होती). त्यानंतर लोक दुकानात येऊन ‘ते चपलांवालं पुस्तक आहे का’ असं विचारू लागले. संग्रहाचं नाव एकालाही आठवत नव्हतं! गोदाम काही रिकामं झालं नाही, पण गठ्ठे हलले.

तेव्हा तुझी झोप कुठल्या पानाने उडवली ते लिही. खटकलं तेही लिही. नुसत्या कौतुकावर कुणाचा विश्वास बसत नाही. आणि ज्याला ही कादंबरी खरोखर रुचेल असा एक माणूस हेरून त्याला तोंडी सांग. शंभर जणांना एकच निरोप धाडण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

लेखिकेलाही पत्र लिही, जरूर लिही. त्यात फुकट प्रत मागू नकोस, स्वतःचं हस्तलिखित जोडू नकोस आणि ‘पुढचं कधी?’ हे तर विचारूच नकोस. त्या प्रश्नाने माझे कित्येक दिवस नासवलेत. उत्तर आलं नाही तर ती लिहीत बसली असेल असं समज.

तिचा याआधीचा एक कथासंग्रह आहे. तू तो वाचलेला दिसत नाहीस. अजून मिळतो का बघ, आणि मिळाला तर तिसऱ्या कथेबद्दल मला कळव. माझं तिच्याशी एका जागी पटत नाही.

तुझा,
एक जुना वाचक