नवीन पिकअप घेताना विक्रेत्याशी भाव कसा ठरवावा?

आपण विचारले आहे की, देवगडहून मोसमात आंब्याच्या पेट्या वाशीला आणि एरवी मासळी कोल्हापूरला नेण्यासाठी दीड टनाची नवीन पिकअप घ्यायची आहे. विक्रेता २० हजारांची सूट देतो आणि ‘याच्या खाली एक रुपयाही नाही’ असे सांगतो, तर आणखी किती मागावे? माझे मत असे की सूट किती, हा प्रश्नच विचारू नये. नंबर प्लेट लागून, विमा उतरून गाडी आपल्या दारात येईपर्यंत खिशातून एकूण किती जाणार, हा एकच आकडा लेखी मागावा आणि घासाघीस फक्त त्याच आकड्यावर करावी.

हे शहाणपण मला पैसे मोजून आले आहे. मी राजापूर तालुक्यातल्या नाट्याचा. साखरी नाटे बंदरातून मासळी उचलण्याचा आमचा धंदा आहे. २०१८ साली पहिली पिकअप घेतली तेव्हा २५ हजारांची सूट मिळवल्याच्या आनंदात मी कोटेशनचा कागद नीट वाचलाही नाही. पुढे चुलतभावाने तो चाळला तेव्हा कळले की विमा बाहेरच्या भावापेक्षा ११ हजारांनी महाग लावला होता, ‘हँडलिंग’ म्हणून साडेसात हजार घेतले होते आणि सीट कव्हर, मॅट, मडफ्लॅप असल्या न मागितलेल्या वस्तूंचे ६ हजार वेगळे होते. म्हणजे २५ हजारांच्या सुटीतले माझ्या हाती ५०० रुपये राहिले.

तेव्हा कोटेशन ओळीओळीने वाचावे. एक्स-शोरूम किंमत (म्हणजे कर-नोंदणी आणि विमा धरण्यापूर्वीची शोरूममधली किंमत), परिवहन कार्यालयातील कर आणि नोंदणी शुल्क या ओळींत घासाघीशीला फारसा वाव नसतो. सूट असेल तर ती एक्स-शोरूम किमतीतून वजा झालेली दिसली पाहिजे. विम्यात थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या भागाचा दर सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखाच असतो, मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर कंपन्या बरीच सवलत देतात आणि विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क आपला आहे. बाहेरून एक भाव आणून समोर ठेवला की शोरूमचा प्रीमियम आपोआप उतरतो, हा माझा अनुभव आहे. हँडलिंग हे कोणतेही सरकारी शुल्क नाही. ती ओळ सरळ खोडायला सांगावी. गाडीची किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ गोळा केलेला आयकर लागतो, पण तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, त्यामुळे त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

जीएसटीबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यातही एक गंमत आहे. मालवाहू गाड्यांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे १०० रुपये मूळ किमतीची गाडी १२८ ऐवजी ११८ रुपयांना झाली. एखादा विक्रेता जुन्या भावाशी तुलना करून हाच फरक ‘आमच्याकडून सूट’ म्हणून दाखवू लागला, तर ती सूट सरकारने दिलेली आहे, त्याने नव्हे, हे त्याला शांतपणे सांगावे. उरलेला १८ टक्के कर परत मिळेल या भरवशावर मात्र राहू नये. आंबा आणि ताजी मासळी करमुक्त असल्याने स्वतःचाच माल वाहणाऱ्याला त्याचे क्रेडिट, म्हणजे भरलेला कर वळता करून घेण्याची सोय, मिळत नाही.

कर्जाची बोलणी किमतीची बोलणी संपल्यावरच काढावीत. ‘हप्ता किती झेपेल?’ असे विक्रेत्याने सुरुवातीलाच विचारले तर उत्तर देऊ नये, कारण मुदत वाढवून कोणताही हप्ता झेपेलसा करून दाखवता येतो. व्याज फ्लॅट, म्हणजे पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर, की हप्त्यांगणिक घटत्या शिलकीवर, हेही विचारावे. ७ लाखांवर फ्लॅट ७ टक्क्यांनी ५ वर्षांचे व्याज २ लाख ४५ हजार होते आणि हप्ता १५,७५० रुपये बसतो. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर साधारण साडेबारा टक्के पडतो. ७ टक्के ऐकून खूश होणारा माणूस साडेबारा भरत असतो.

आता वेळेविषयी, कारण माझ्या मते खरा जोर तिथेच आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पहिल्या पेट्या निघायच्या आत गाडी हवी म्हणून जो जातो त्याची निकड विक्रेत्याला दारातूनच दिसते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात गिऱ्हाईक कमी. आणि पितृपक्षात तर शोरूम ओस पडलेले असते. मी दुसरी गाडी २०२५ च्या पितृपक्षात ठरवली. कर कमी होणार हे जाहीर झाल्यामुळे सगळेच थांबले होते, विक्रेत्याच्या टेबलावर चहाचे दोन पेले आणि मी एकटा. अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरहून आणलेले कोटेशन मी त्याच्यापुढे उघडून ठेवले. तो ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून तीनदा आतल्या केबिनमध्ये जाऊन आला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा शेवटच्या आकड्यातून ३१ हजार उतरले होते. बिल नव्या दराने २२ सप्टेंबरचे करायचे, हेही तेव्हाच लिहून घेतले. त्या दिवशी घटस्थापना असल्याने ताबा घ्यायला घरच्यांचीही हरकत राहिली नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून गाडी घेतली तरी तात्पुरत्या नोंदणीवर आणून आपल्याच परिवहन कार्यालयात नोंदवता येते, त्यामुळे कोल्हापूरचा कागद ही पोकळ धमकी नव्हती, आणि समोरच्यालाही ते ठाऊक होते.

पूर्ण पैसे देण्यापूर्वी ठरलेलीच गाडी आपल्या डोळ्यांनी पाहावी. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एक पावसाळा यार्डात उभी राहिलेली गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि हौद्याच्या सांध्यांत तांबूस दिसू लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ३४२४ म्हणजे २०२४ सालचा ३४वा आठवडा. गाडीच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म २१ वर लिहिलेले असते, ते चासी नंबरासह पडताळावे. गाडी मागच्या वर्षीची निघाली तर नाकारलीच पाहिजे असे नाही, परंतु विकताना आपल्याला तिचा भाव त्याच वर्षाचा मिळणार असल्याने तेवढी किंमत आज कमी करून घ्यावी.

जुनी गाडी बदल्यात देणार असाल तर तिचा भाव आधी बाहेर काढा आणि नव्या गाडीची किंमत लेखी हातात पडेपर्यंत तिचा उल्लेखही करू नका. मासळी वाहणार असल्याने हौद्याला गंजरोधक लेप लागेलच. तो शोरूममध्ये महाग पडतो, तेव्हा फुकट मिळाला तर घ्यावा, नाहीतर बाहेरून करून घ्यावा. आपल्याला मिळालेल्या कोटेशनमधल्या ओळी नाव-पत्ता झाकून येथे लिहिल्यात, तर कोणती ओळ फुगवलेली वाटते ते मी सांगू शकेन.