तिचं वय तू लिहिलंच नाहीस

ताई,
नोकरी सांभाळून आठ वर्षांत पीएचडी पूर्ण केली. मागच्या महिन्यात व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा झाली, नावाआधी 'डॉक्टर' लागलं. ज्या दिवसाची इतकी वाट पाहिली तो आला आणि आत काहीच हललं नाही. लोक अभिनंदन करतात, मी हसते, बस. त्या दिवशी घरी आले तर मुलीने विचारलं, "आता संपलं ना?" मी हो म्हटलं आणि सवयीने लॅपटॉप उघडून बसले. आता पोस्ट-डॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी अर्ज करू की प्रबंधाचं पुस्तक करायला घेऊ? कशाने ही पोकळी भरेल?
– रिकामी

अगं डॉक्टर,

प्रबंधाचं वय तू पहिल्याच ओळीत सांगितलंस. आठ वर्षं. मुलीचं कुठेच नाही. त्यामुळे त्या पोरीने प्रबंधाशिवायची आई कधी पाहिली आहे की नाही, हे मला कळायला मार्ग नाही.

तिचा प्रश्न पुन्हा वाच. "मिळाली का पीएचडी?" असं तिने विचारलं नाही. "आता संपलं ना?" असं विचारलं. हे ताटकळलेलं माणूस विचारतं. तू प्रबंध लिहीत होतीस तेव्हा ती तो संपायची वाट पाहत होती. तो दिवस तिचाही होता. आणि तू हो म्हणून लॅपटॉप उघडलास!

काही वाटलं नाही याचं मला नवल नाही. वोल्फ्राम शुल्ट्झ या मेंदूशास्त्रज्ञाच्या माकडांवरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. दिवा लागला की रस मिळतो, हे माकडाला एकदा कळलं की मेंदूतल्या डोपामाइन या रसायनाच्या पेशी दिवा लागतानाच उसळतात. रस तोंडात पडतो तेव्हा गप्प. तुझे दिवे आठ वर्षं लागतच होते. एखादं प्रकरण मान्य झालं, शोधनिबंध छापून आला, गाईड एकदाचे "ठीक आहे" म्हणाले. व्हायवाला आला तो नुसता रस. बझ ऑल्ड्रिन १९६९ मध्ये चंद्रावर चालून आला आणि पुढे नैराश्याशी आणि दारूशी झगडला, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. जिथे चंद्र पुरला नाही तिथे पोस्ट-डॉकने तुझं भागेल, अशी आशा मला नाही.

(झोप-भूक उडाली असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरकडे जा. तुझ्यासारख्या नव्हे, औषध देणाऱ्या.)

मला खटकते ती तुझी घाई. एक मोकळी संध्याकाळ तुला सोसवली नाही. आता "मी मुलीला काही कमी पडू दिलं नाही" असं उत्तर धाडू नकोस. दिलं नसशीलही. पण वस्तू कमी पडल्या म्हणून कोणी "संपलं ना?" विचारत नाही.

पोस्ट-डॉक नाही, पुस्तक नाही. आज घरी गेलीस की तिला सांग, "त्या दिवशी मी खोटं बोलले. संपलं नव्हतं. आज संपलं." लॅपटॉप तिच्या हातात दे आणि कुठे ठेवायचा ते तिला ठरवू दे. प्रबंधाला जी वेळ द्यायचीस ती पुढचे तीन महिने तिची. काय करायचं, काही करायचं की नाही, तीच ठरवेल. तिचा अभ्यास घ्यायला बसू नकोस. तुला मी ओळखते, महिन्याभरात तिचं वेळापत्रक भिंतीवर लावशील.

सुरुवातीला हात शिवशिवतील, कंटाळा येईल. तिलाही तुझी सवय नाही. तासाभराने तीच म्हणेल, "आई, तुला काम असेल तर जा." ते जिव्हारी लागेल.

उठू नकोस.