आपले प्रश्न : ठोकळ्यांचे माप आधी, रंग मागाहून

प्रश्न : आमचे मंगळवार पेठेतील जुने घर उतरवताना निघालेल्या सागवानी तुळया व दारांच्या चौकटी दिरांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतून दोन वर्षांच्या नातवासाठी ठोकळे करून घ्यावेत असे मनात आहे. सूनबाईंचे म्हणणे असे, की नुसत्या लाकडाच्या तुकड्यांत मूल चार दिवसही रमणार नाही. आणि सुतार तर माप विचारून अडून बसला आहे. काय करावे?
— एक आजी, कोल्हापूर

उत्तर : सूनबाईंची शंका अगदीच अनाठायी नाही. कसेही कापलेले तुकडे एकमेकांवर नीट बसत नाहीत, रचलेले ढासळत राहते आणि मूल कंटाळते. सुताराचा प्रश्न म्हणूनच मोलाचा आहे. जर्मनीत 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांच्या एका खेळण्यात आठ सारखे घन जोडले की एक मोठा घन होत असे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी जाडी, रुंदी व लांबी यांचे 1 : 2 : 4 हे प्रमाण धरून ठोकळे घडवले, आणि बालवाड्यांतून आजही तेच चालते.

त्यांचा मूळ ठोकळा सुमारे 140 × 70 × 35 मिलिमीटरचा असतो. सागवानात तो दोनशे ग्रॅमच्या वर भरतो, आणि दोन वर्षांच्या मुलाच्या पायावर पडला तर घरभर रडारड होते. घरासाठी 100 × 50 × 25 मिलिमीटर हे माप मला अधिक सोयीचे वाटते. त्याचे अर्धे, म्हणजे 50 × 50 × 25, आणि दुप्पट, म्हणजे 200 × 50 × 25, असेही ठोकळे हवेत. सगळे मिळून चाळीस पुरेत. त्यांतले निम्मे मूळ मापाचे असावेत. याहून लहान तुकडे तीन वर्षांपर्यंत नकोत, कारण मूल ते तोंडात घालते.

सुताराला एक गोष्ट आवर्जून सांगावी. शंभराचा ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे काढू नयेत. करवतीच्या पात्याने दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाल्ले जाते आणि दोन अर्धे मिळून एक पूर्ण होत नाही. ते पन्नासाचे माप धरून स्वतंत्रच कापावेत. चार-पाच वर्षांचे मूल पुलाचा एक खांब अख्ख्या ठोकळ्याचा आणि दुसरा दोन अर्ध्यांचा करून पाहते, तेव्हा वरची पट्टी सपाट बसते की कलते, यावर सारे अवलंबून असते. आज आपला नातू ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहील, फार तर ओळीत मांडील. दोन उभ्यांवर एक आडवा ठेवून शिवाजी पूल बांधायला त्याला आणखी वर्षभर लागेल. तेवढा धीर सूनबाईंनी धरावा.

जुने सागवान पुरते वाळलेले असते, हा मोठा लाभ आहे. मात्र जुन्या चौकटींवरील तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो (घरगुती रंगांतील शिशावर दशलक्षात 90 भागांची मर्यादा 2016 च्या नियमांनी आली), त्यामुळे रंगवलेल्या चौकटी मुळीच वापरू नयेत. त्या खरवडूनही नकोत, कारण रंगाची धूळ घरात पसरते. रंग न लागलेल्या तुळया घ्याव्यात, खिळे काढावेत, आणि लाकडाची शीर ठोकळ्याच्या लांबीच्या दिशेने राहील असे कापावे. लाकूड पावसाळ्यात आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कडा व कोपरे पॉलिशपेपरने इतके घासावेत, की गालावर फिरवले तरी टोचणार नाहीत. वरून व्हार्निश नको. ठोकळे निसरडे होऊन मनोरा टिकत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचे लाकडी ठोकळे पावसाळ्यात बुरशीने काळवंडले. ते टाकून द्यावेत का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : टाकू नयेत. पाण्यात भिजत घालू नयेत; ओल्या फडक्याने बुरशी पुसून कोरड्या, वाऱ्याच्या जागी दोन दिवस पसरून ठेवावेत. वाळल्यावर घराबाहेर, नाकातोंडावर रुमाल बांधून, हलका पॉलिशपेपर फिरवावा. पुढच्या जूनपासून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्याऐवजी वेताच्या टोपलीत ठेवावेत आणि टोपली भिंतीला टेकवू नये.