सिंथला उणे बारा व्होल्ट कुठून आणायचे?

प्रश्न : घरी सिंथेसायझर बनवतो आहे. सर्किटला +१२, ० आणि −१२ व्होल्ट लागतात. १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर आणून जोडू, की जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वापरू?

उत्तर : पॉवर सप्लाय पहिल्यांदाच बनवत असाल तर दोन्ही नकोत. ट्रान्सफॉर्मर उत्तम, पण फ्यूज, अर्थिंग, इन्सुलेशन सगळं तुमच्याच गळ्यात पडतं आणि तिथली चूक जिवावर बेतते. कॉम्प्युटरच्या सप्लायची −१२ची बाजू दुबळी असते, उलट +१२ची बाजू शॉर्ट झाल्यास तारा वितळवण्याइतका करंट सोडते.

त्यापेक्षा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा एसी आउटपुट देणारा सीलबंद अडॅप्टर घ्या. लेबलवर आउटपुटपुढे 'एसी' किंवा नागमोडी रेघ हवी. डीसी अडॅप्टर या जोडणीत चालणार नाही. +१२ आणि −१२ या दोन्ही बाजूंना प्रत्येकी २५० मिलिअँपिअरपर्यंत मिळतात. एक टीएल०७२ (सिंथमध्ये नेहमी लागणारी ऑप-अँप चिप) साधारण ३ ते ५ मिलिअँपिअर खातो, त्यावरून हिशेब करा.

अडॅप्टरची एक तार ग्राउंड. दुसऱ्या तारेवर १एन४००१चे दोन डायोड विरुद्ध दिशांना लावा, म्हणजे एक बाजू धन आणि एक ऋण मिळते. प्रत्येक बाजूला ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर. भार नसताना अडॅप्टर लेबलपेक्षा बराच वर चढतो, म्हणून २५ व्होल्टचा घेऊ नका. ऋण बाजूच्या कपॅसिटरचं + टोक ग्राउंडला जातं. सवयीने उलटा लावला की तो फुटतोच.

कपॅसिटरमध्ये काटकसर करू नका. ५० हर्ट्झला तो २० मिलिसेकंदांतून एकदाच भरतो. २५० मिलिअँपिअरला ४७०० वर व्होल्टेज सुमारे १ व्होल्ट घसरतं; १००० वर ५ व्होल्ट. पुढच्या ७८१२ला (व्होल्टेज +१२वर स्थिर ठेवणारा रेग्युलेटर) आत किमान १४-१४.५ व्होल्ट लागतात. त्याखाली गेलं की स्पीकरमधून घूं ऐकू येते आणि आपण बिचाऱ्या ऑसिलेटरला दोष देत बसतो.

पुढे ७८१२ आणि त्याचा −१२चा जोडीदार ७९१२. छापील बाजू समोर, पाय खाली धरल्यास डावीकडून ७८१२चे पाय इन, ग्राउंड, आउट. ७९१२चे ग्राउंड, इन, आउट. शिवाय ७९१२ची धातूची पाठ इनला जोडलेली असते. दोन्ही एकाच हीटसिंकवर उघडे बसवले तर थेट शॉर्ट. अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश घाला, किंवा दोन वेगळे हीटसिंक वापरा.

दोन्ही आउटपुट आणि ग्राउंडमध्ये ४७ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावा. त्याविना ७९१२ स्वतःच दोलन करू लागतो. प्रत्येक आउटपुट आणि ग्राउंडमध्ये एक डायोड उलटा जोडा : +१२कडे कॅथोड (पट्टा असलेलं टोक), −१२कडे अ‍ॅनोड (दुसरं टोक). सुरू होताना एक बाजू मागे राहिली तर तो तिला विरुद्ध दिशेला ओढू देत नाही.

चाचणी चिप न बसवता करा. दोन्ही बाजूंना ग्राउंडशी १०० ओहम, ५ वॉटचा एकेक रेझिस्टर लावून अर्धा तास चालवा. तो तापेल, हात लावू नका. मल्टिमीटरवर ११.५ ते १२.५च्या आत आकडा हवा.

प्रश्न : १२ व्होल्टचे दोन डीसी अडॅप्टर एकापुढे एक जोडले तर?

उत्तर : चालतं, मधला जोड ग्राउंड होतो. पण दोन्हींचं आउटपुट अर्थपासून सुटं हवं. तीन पिनांचा अडॅप्टर असेल तर तो भिंतीतून काढून अर्थची पिन आणि आउटपुटचं ऋण टोक यांत मल्टिमीटरने कंटिन्युइटी (दोन्ही आतून जोडलेले आहेत का ते) तपासा. एकाही अडॅप्टरवर बीप वाजला तर जोडू नका : दोन्हींवर वाजत असेल तर एक अडॅप्टर अर्थमार्गे शॉर्ट होईल. वरचे उलटे डायोड इथेही लावाच.