वेग नको, आधी वॅट सांगा

इथेरियम या क्रिप्टो चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग (गणितं सोडवून नाणी मिळवणं) १५ सप्टेंबर २०२२ ला संपलं, तरी त्या काळातली कार्डांची सेटिंगं अजून फिरताहेत. तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

लिनक्सवर एनव्हिडिया कार्डाची वीज कमी करायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं का?
नाही. ड्रायव्हरसोबत येणाऱ्या एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने, रूट (प्रशासक) होऊन, पॉवर लिमिट म्हणजे विजेची कमाल मर्यादा लावा.

रीबूट केलं की सेटिंग जाते.
जाणारच. सिस्टिमडीची, म्हणजे बूट होताना कमांड आपोआप चालवणारी, सर्व्हिस लिहा. पण दोन-चार दिवस मशीन न लटकता चाललं की मगच. नाहीतर चुकीचा आकडा दर बूटला स्वतःहून लागेल.

एएमडी कार्डाच्या पॉवर कॅपच्या फाइलमध्ये १२० लिहिलं, स्वीकारत नाही.
तिथे मायक्रोवॅट लागतात. १२० वॅट म्हणजे १२ कोटी. शून्यं मोजून लिहा.

मित्राच्या आकड्याने मेमरीचा वेग वाढवला. स्क्रीनवर हॅशरेट (गणितं सोडवण्याचा वेग) चढला, पण पूलमध्ये (अनेकांचं मायनिंग एकत्र करणाऱ्या सर्व्हरवर) उतरला.
मग खरा आकडा पूलचा. मेमरी ताणली की चुका होतात आणि शेअर, म्हणजे पूलला पाठवलेली उत्तरं, नाकारले जातात. स्क्रीनला त्याचं सोयरसुतक नसतं. शिवाय मित्राने आकडा कुठला दिला? एनव्हिडियाचा विंडोजवरचा +१००० लिनक्सवर +२००० होतो, म्हणजे लिनक्सचा आकडा विंडोजवर टाकला तर ताण दुप्पट. एकाच मॉडेलमध्ये कुणाकडे सॅमसंगची मेमरी, कुणाकडे मायक्रॉनची. 'कोअर (मुख्य चिप) खाली, मेमरी वर' हा मंत्र इथॅशचा, म्हणजे इथेरियमच्या मायनिंगच्या गणिताचा, होता. कावपाऊ या दुसऱ्या गणिताला कोअरही लागतो. मूळ आकड्यापासून थोडं थोडं चढा आणि दर पायरीला पूलचा हॅशरेट भागिले वॅट मांडा.

रायझरसोबत (कार्ड मदरबोर्डपासून लांब जोडणारा भाग) साटा जोडणीची, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगची, वायर फुकट आली आहे. वापरू का?
नको. नको. नको. साटा प्लगच्या १२ व्होल्टला तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअर, म्हणजे एकूण ५४ वॅट. कार्ड मात्र स्लॉटमधून १२ व्होल्टवर ६६ वॅटपर्यंत ओढू शकतं. प्लग आधी कोमट होतो, मग पिवळा पडतो, मग वितळतो, आणि तुम्ही त्या वेळी झोपलेले असता. 'माझं वर्षभर चाललं' असं सांगणाऱ्याचं कार्ड स्लॉटमधून कमी ओढत असेल. तुमचंही तसंच असेल हे कशावरून? विकणाऱ्याला खोका भरायचा असतो, म्हणून तो ही वायर टाकतो. सहा पिनांचा रायझर घ्या, थेट पॉवर सप्लायच्या केबलवर लावा, आणि कार्ड व त्याचा रायझर एकाच सप्लायवर ठेवा. पॉवर लिमिट लावली म्हणून यातून सुटका नाही. स्लॉट आणि कार्डावरचे प्लग यांत वाटणी कशी करायची ते कार्ड ठरवतं. चार-सहा कार्डं लावणार असाल तर भिंतीतल्या वायरिंगसाठी इलेक्ट्रिशियनला आधी बोलवा.

एक जण 'हमखास' बायोस (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) विकतोय. घेऊ का?
नका घेऊ. हमखास असतं तर त्याने स्वतः मायनिंग केलं असतं. मोह आवरत नसेल तर मूळ बायोसची प्रत काढा आणि वॉरंटीबद्दल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

लॉगमध्ये दोन महिने 'एक्सआयडी ७९' येतंय. कोणतं क्लॉक (वेग) कमी करू?
दोन महिने! एनव्हिडियाच्या या चूक-क्रमांकाचा अर्थ कार्ड बसवरून गळालं, म्हणजे मशीनशी त्याचा संपर्क तुटला. मशीन बंद करा आणि रायझरचा प्लग हातात घेऊन बघा. पिवळा दिसला तर वरचं रायझरचं उत्तर तुमच्यासाठी आहे. तसा नसेल तर कार्ड आणि पॉवर सप्लाय दोन्ही दुरुस्तीवाल्याला दाखवा. क्लॉकचं नंतर बघू.